गोव्यात उतरायचं का?

गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही. एक रिलीज, मग ते मागे घेणं, मग पुन्हा रिलीज... नेहमीचंच. त्या गडबडीत आई-बाबांच्या क्रूझची गोष्ट राहूनच गेली. आज घरी कुणी नाही, चहा हाताशी आहे, तेव्हा लिहून टाकतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. बाबा १९८९ साली, म्हणजे न्हावा शेवा बंदर सुरू झालं त्याच वर्षी, तिथे कारकून म्हणून लागले आणि २०२२ साली रिटायर झाले. (त्याच वर्षी बंदराचं स्वतःचं कंटेनर टर्मिनलही खाजगी कंपनीकडे गेलं. "आम्ही दोघं एकदमच सुटलो," असं बाबा म्हणतात.) कागदावर आता ते 'प्राधिकरण' झालंय, आमच्या घरात अजून जेएनपीटीच. मी टाउनशिपमध्ये वाढलो, इंजिनियर झालो आणि फिरून फिरून पुन्हा बंदरातच आलो. कंटेनर कुठे ठेवायचा, कुठल्या जहाजावर कधी चढवायचा, हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो.

तर तेहतीस वर्षं रोज जहाजं बघणारा हा माणूस स्वतः जहाजावर शेवटचा बसला तो चौथीत असताना. भाऊच्या धक्क्यावरून निघणारी कोकण बोट. वेंगुर्ल्याला बोट किनाऱ्याला लागायची नाही, लांब समुद्रात उभी राहायची, आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या असं सगळं पडावातून उतरवायचे. बाबांना त्यातलं दोनच गोष्टींचं आठवतं, इंजिनाच्या तेलाचा वास आणि आजीची उलटी :-)

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी मुंबई-गोवा-मुंबई अशी क्रूझ बुक केली. तिघांची. बाबांची २०२१ साली बायपास झालीय, त्यामुळे दोघांनाच पाठवायची माझी हिंमत नव्हती.

बुकिंगच्या शेवटच्या पानावर एक चौकोन होता. 'गोव्यात मार्गदर्शित सहल हवी आहे का?' माणशी २८०० रुपये. एसी बस, गाईड, जुन्या गोव्यातली चर्चेस, मंगेशी, पणजीत जेवण आणि खरेदी. रविवारी रात्रीपर्यंत सांगायचं. मी टिक करणारच होतो. सोमवार ते शुक्रवार निर्णय घेऊन कंटाळलेल्या माणसाला वीकेंडला कुणीतरी बसमध्ये बसवून फिरवून आणलं तर बरंच वाटतं.

आईनं स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "ह्यात कवळे नाही?"

नव्हतं. मंगेशी होतं. मंगेशीहून कवळ्याची शांतादुर्गा फार लांब नाही, दोन्ही फोंडा तालुक्यातच. पण बस मंगेशीहूनच परत फिरणार होती.

"मग मला नको. मी बोटीवरच बसेन."

आता आईला ओळखणाऱ्यांना माहीत आहे की 'मी बोटीवरच बसेन' याचा अर्थ विषय संपला असा होत नाही, सुरू झाला असा होतो. संध्याकाळी भांडी आवरताना तिनं सांगितलं. बायपासच्या वेळी ती हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये शांतादुर्गेला नवस बोलली होती. हे सुखरूप घरी आले की दोघं मिळून येऊ, ओटी भरू. चार वर्षं होऊन गेली. आधी करोना, मग बाबांची रिटायरमेंट, मग तिचा गुडघा. बाबांना तिनं हे कधी सांगितलंच नव्हतं. का, तर "त्यांका वाटतला मी घाबरल्लंय." घाबरली तर होतीच.

म्हणजे एवढा वेळ जी मला पर्यटनातली एक चॉइस वाटत होती, ती तशी नव्हती.

मी माझ्या स्वभावाला धरून एक्सेल उघडलं. जहाज साडेआठला मुरगावला लागणार. उतरून, बंदराच्या बसनं गेटबाहेर पडेपर्यंत पावणेदहा. चारच्या आत सगळ्यांनी परत जहाजावर. वास्कोचा एक जुना रूममेट आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला, बोरीच्या पुलावरून गेलास तर कवळ्याला सवा तास धर, पण त्या पुलावर ट्रॅफिक लागला तर माझं नाव घेऊ नकोस. दुसरी वाट कुठ्ठाळीहून झुआरीच्या नव्या पुलावरून जुन्या गोव्याकडे, ती लांबची पण रस्ता मोठा. टॅक्सी आधीच ठरव, गेटवर उभं राहून भाव करू नकोस. त्यानं ओळखीचा ड्रायव्हर दिला, दिवसाचे ५००० सांगितले. म्हणजे तिघांच्या बसच्या ८४०० पेक्षा टॅक्सी स्वस्त. अकराला कवळे, एकला निघालो तर सव्वादोनला परत. हातात पावणेदोन तासांची सवड. मला तर हे अगदीच सोपं वाटलं.

बाबांनी शीट बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "जहाज कोणासाठी थांबणा नाय."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. ज्यांना बंदराचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. निर्यातीचा कंटेनर जहाज सुटायच्या बऱ्याच तास आधी टर्मिनलच्या आत यावा लागतो. ती वेळ टळली की गेट त्या जहाजापुरतं बंद. त्याला आम्ही कटऑफ म्हणतो. कारण कुठला डबा कशावर चढवायचा हे सगळं आधी ठरलेलं असतं, आणि जहाज धक्क्याला उभं राहिलं की दर तासाला पैसे जळत असतात. एकासाठी थांबलं तर पुढची सगळी बंदरं चुकतात. बाबांची एक गोष्ट आहे, नाशिककडून कांद्याचा कंटेनर घेऊन आलेल्या ड्रायव्हरची. करळ फाट्यापासून ट्रकांची रांग, आणि हा कटऑफनंतर वीस मिनिटांनी पोचला. भांडला नाही. बाबांच्या टेबलासमोरच्या बाकावर बसून राहिला. बाबांनी चहा मागवला, तो त्यानं प्यायला. बाबांच्या हातात काहीच नव्हतं. ही गोष्ट सांगताना ते नेहमी 'चहा प्यायला' इथेच थांबतात.

तर बाबांचं म्हणणं, एक तर जहाजाच्या बसनं जायचं, नाहीतर उतरायचंच नाही. आणि यात तथ्य आहे. या सहलींचा खरा माल गाईड नाहीच. कंपनी स्वतःची बस मागे टाकून सहसा जात नाही, हा खरा माल. २८०० रुपयांत तुम्ही चर्चेस विकत घेत नाही, उशीर झाला तर तो तुमचा राहणार नाही याची हमी विकत घेता. परक्या देशात, व्हिसा-पासपोर्टच्या भानगडीत, पुढचं बंदर दुसऱ्याच देशात असताना मी ती डोळे मिटून घेईन.

गाईड अगदीच फुकट असतो असंही मी म्हणत नाही. घारापुरी आमच्या समोर. शाळेत असताना किती वेळा तिथे गेलो त्याची मोजदाद नाही. माकडं, काकडी आणि पायऱ्या एवढंच आठवायचं. कॉलेजात एकदा बाहेरचे पाहुणे होते म्हणून गाईड केला आणि त्यानं त्रिमूर्तीसमोर नुसतं उभं केलं. म्हणाला, एका बाजूचा चेहरा बघा, मग दुसऱ्या बाजूचा. एक उग्र, मिशी असलेला, दुसरा बाईचा वाटावा इतका मऊ. वीस फुटांची मूर्ती, आणि मी इतकी वर्षं तिच्यासमोर काकडी खात होतो! जुन्या गोव्यातही चांगला गाईड भेटला असता तर बॉम जेझूच्या उघड्या जांभ्या दगडावर एकेकाळी गिलावा होता, तो विसाव्या शतकात काढला, हे त्यानं सांगितलं असतं. मला ऐकायला आवडलं असतं.

पण आमच्या बाबतीत दोन गोष्टी निराळ्या होत्या. एक म्हणजे जिथे जायचं तिथे बस जातच नव्हती. आणि दुसरी मला रात्री झोपताना सुचली. जहाज चुकलंच, तर काय होईल? फार तर संध्याकाळी मडगावहून कोकणकन्या पकडायची. आयत्या वेळी रिझर्व्हेशन मिळणं कठीण, पण सकाळी मुंबई. बॅगा जहाजावर राहतील, त्या बॅलार्ड पियरला जाऊन घ्यायच्या. बाबांच्या गोळ्या तेवढ्या खिशात ठेवायच्या. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट बंद पडू शकते का हे विचारून भागत नाही, बंद पडली तर किती महागात जाईल हेही विचारावं लागतं. इथे फार नव्हतं जात.

सकाळी मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी कोकणकन्येचा मुद्दा ऐकला आणि म्हणाले, "ते ठीक आहे. पण मी धावू शकणार नाही रे."

मला एकदम काही बोलता येईना. मी सगळे कॉलम भरले होते, हा एक सोडून. बायपासनंतर बाबा लोकल पकडायला धावत नाहीत, पुढची येऊ दे म्हणतात. आम्ही सगळे ते शहाणपण समजत होतो. जहाजाची भीती नव्हतीच. आपण मागे राहू आणि आपल्यामुळे बाकीचे राहतील, ही होती.

आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मी नवस बोललंय तुमच्यासाठी. म्हणान जावचा आसा."

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "केव्हा?"

"हॉस्पिटलात."

"आणि आत्ता सांगतंस?"

पुढचं मी ऐकलं नाही, मी बाहेर गॅलरीत गेलो. आत आलो तेव्हा बाबा माझ्या एक्सेलमध्ये एका बोटानं टाइप करत होते. 'एकला निघणे' खोडून त्यांनी 'पावणेबारा' केलं होतं. म्हणजे देवळात पाऊण तास, आणि सवड तीन तासांची. मी रविवारी रात्री तो चौकोन रिकामा ठेवून फॉर्म पाठवला.

बॅलार्ड पियरहून संध्याकाळी जहाज सुटलं तेव्हा बाबा डेकच्या पूर्वेकडच्या कठड्याला होते. घारापुरीच्या मागे बंदराच्या क्रेनचे दिवे लागत होते. "आपण ह्या बाजूनं कधी बघितलंच नाय," एवढंच म्हणाले, आणि कुठल्या क्रेनखाली काम चालू आहे, कुठली बंद आहे ते मला सांगत बसले.

मुरगावात सगळं वेळेवर झालं. टॅक्सीत ड्रायव्हरनं एक गोष्ट सांगितली (हा आम्हाला न मागता मिळालेला गाईड). शांतादुर्गा मूळची केळशीची आणि मंगेश कुठ्ठाळीचा, दोन्ही गावं झुआरीच्या ह्या काठाला, मुरगावच्याच बाजूला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी देव उचलले आणि रातोरात नदीपलीकडे, पोर्तुगीजांच्या राज्याबाहेर नेले. आत्ताचं कवळ्याचं देऊळ नंतरचं, अठराव्या शतकातलं, शाहू महाराजांच्या काळात नारोराम मंत्र्यांनी पुढाकार घेऊन बांधलेलं. हे नारोराम वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचे, म्हटल्यावर आईची मान ताठ झाली. माहेरचा माणूस!

"म्हणजे देवीनंसुद्धा वेळेत नदी ओलांडली," बाबा म्हणाले.

ओटी भरली. दोघं देवीसमोर उभे होते तेव्हा मी मागे खांबाला टेकून होतो. बाबांनी घड्याळाकडे बघितलं नाही, हे मी बघितलं. बाहेर आल्यावर मात्र लगेच बघितलं. आईला दीपमाळ आणि तळी नीट बघायची होती, ती राहिलीच, आणि ती हे अजून ऐकवते. बोरीच्या पुलावर ट्रॅफिक नव्हता. एकला आम्ही जहाजावर, हात धुऊन जेवायच्या रांगेत. तीन तास करायचं काय?

चार वाजले. सव्वाचार. जहाज हलेना. बाबा अस्वस्थ होऊन डेकवर गेले, मी मागोमाग. खाली धक्क्यावर अधिकारी वॉकीटॉकीवर बोलत होते. चार पंचवीसला जहाजाच्या सहलीची बस आली, पणजीत अडकली होती म्हणे. माणसं काजूच्या पिशव्या सांभाळत सावकाश उतरली. एक आजोबा काठी टेकत सगळ्यांच्या शेवटी, मध्ये एकदा थांबून त्यांनी जहाजाचा फोटोसुद्धा काढला. त्यांना कुणी घाई केली नाही.

बाबा कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून ते आजोबा आत येईपर्यंत बघत होते.

"थांबलां मा रे ह्यां," ते म्हणाले.