अडवायचं तर आधी बघावं लागतं

कराडला मी कॉम्प्युटर क्लास चालवते. एमएस-सीआयटी, टॅली, थोडंफार हार्डवेअर. नवी बॅच आली की सुरुवातीलाच एक गोष्ट मुलांच्या डोक्यात घालते: सॉफ्टवेअर घ्यायचं ते मूळ साइटवरूनच, भलत्याच ठिकाणच्या मोठ्या ‘डाउनलोड’ बटणाला हात लावायचा नाही. उदाहरणाला व्हीएलसी प्लेअर. फुकट मिळतो, फ्रान्समधली व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था तो तयार करते, आणि आपल्याकडे लग्नाची व्हिडिओ शूटिंग बघायला घरोघरी तोच वापरतात.

२०२२ साली हा धडा अडला. व्हिडिओलॅनची साइट उघडेचना. क्लासच्या लाइनवर दूरसंचार विभागाच्या सूचनेनुसार साइट बंद आहे अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ आली. एका मुलाच्या मोबाइलवर नुसतंच चाक फिरत राहिलं. त्याच्या शेजारच्या मुलीचं सिम दुसऱ्या कंपनीचं, तिच्याकडे साइट झटक्यात उघडली. आमच्या भागात नेट देणाऱ्या केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, “मॅडम, वरून यादी येते. आम्ही फक्त टाकतो. का म्हणून आम्हाला कुणी सांगत नाही.” तो खरं बोलत होता.

त्या दिवशी टॅली बाजूला ठेवलं आणि प्रोजेक्टरवर काळी खिडकी उघडली. एनएसलुकअप ही साधी आज्ञा. साइटचं नाव दिलं की तिचा आकडी पत्ता सांगते. आधी आमच्या नेटवाल्याच्या डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, विचारलं, मग तोच प्रश्न १.१.१.१ या सार्वजनिक डीएनएसला. दोन उत्तरं, दोन वेगळे पत्ते. आमच्या नेटवाल्याने दिलेला पत्ता फ्रान्सचा नव्हताच, त्या बंदीच्या पाटीचा होता. मुलं एकदम पुढे सरकली. साइट बंद पडलेली नव्हती, आम्हाला मुद्दाम चुकीचा रस्ता दाखवला होता.

मागच्या बाकावरून एका नर्सिंगच्या मुलीने विचारलं, “मॅडम, म्हणजे मी काय काय उघडते ते सगळं त्यांना दिसतं?”

तिने नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं. आम्ही सगळे बंदीबद्दल बोलत होतो. पण बंदी घालायची तर प्रत्येकाने काय मागितलं ते आधी वाचावंच लागतं. जो नाका अडवतो तोच बघतो. एका साइटसाठी वाचतात तेव्हा बाकीच्याही त्याच नजरेखालून जातात.

तिला उत्तर म्हणून वायरशार्क लावलं. आपल्या मशीनमधून बाहेर जाणारा एकेक तुकडा त्यात दिसतो. डीएनएसचा प्रश्न उघड्या अक्षरांत होता. नंतरचं एचटीटीपीएसचं बोलणं मात्र नुसता गिचमिडा, त्यातलं काही वाचता येईना. पण त्या बोलण्याच्या पहिल्याच तुकड्यात साइटचं नाव पुन्हा स्वच्छ दिसलं. याला एसएनआय म्हणतात. एसटीच्या पार्सलसारखं आहे हे: आत काय शिवलंय ते कळत नाही, पण कुठल्या गावाला चाललंय ते वरच लिहिलेलं. बंगळूरच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी याआधीच दाखवून दिलं होतं की आपल्याकडच्या कंपन्या कुणी डीएनएसमध्ये, कुणी या एसएनआयवर नजर ठेवून साइट अडवतात आणि त्यांच्या याद्याही एकमेकींशी जुळत नाहीत. एकाच बाकावरच्या दोन मोबाइलांचं गूढ तिथे उकललं.

नुसत्या नावाने काय बिघडतं, असं पुष्कळ जण म्हणतात. क्लास सुटल्यावर ती मुलगी थांबली आणि खालच्या आवाजात बोलली. घरात आजारपण होतं, ज्याचं नाव घरी कुणी मोठ्याने घेत नाही. त्याच्या समुपदेशनाची साइट ती रात्री बघायची. त्या साइटचं नावच सगळं सांगून टाकणारं होतं. आत काय वाचलं हे कुणाला कळायची गरजच नव्हती. आणि हे फुकाचं भय नाही. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून कंपन्यांनी कॉलच्या आणि इंटरनेट वापराच्या नोंदी एकाऐवजी दोन वर्षं जपायच्या असं ठरलं.

तिच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ चालू करून दिलं. अँड्रॉइड ९ पासून ही सोय सेटिंगमध्येच आहे, ॲप लागत नाही. त्याने डीएनएसचा प्रश्न तरी बंद पाकिटातून जातो. एसएनआय उरतोच. तो झाकणारी ईसीएच ही पद्धत फायरफॉक्समध्ये आली आहे, पण समोरच्या साइटनेही ती स्वीकारलेली लागते. टॉर ब्राउझर तीन टप्प्यांतून नेतो, म्हणून नेटवाल्याला शेवटचं ठिकाण समजत नाही. हळू चालतो, तरी तिच्या कामाला तोच योग्य वाटला.

मुलांचा ओढा अर्थात व्हीपीएनकडे. वापरणं आपल्याकडे एरवी गुन्हा नाही, जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत मात्र त्यावरही बंदीचे आदेश निघाले आहेत. माझा आग्रह एवढाच असतो की व्हीपीएन घेतला म्हणजे नजर गेली असं समजू नका, ती नेटवाल्याकडून व्हीपीएनवाल्याकडे गेली. फुकट व्हीपीएनवर तर मी अजिबात विश्वास ठेवत नाही. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, वापराचं कारण पाच वर्षं जपावं. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले, पुढे प्रोटॉननेही. ज्यांनी नोंदी ठेवायला नकार दिला ते गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

बंदी कधीच नको असं मी म्हणत नाही. लहान मुलांच्या शोषणाचं साहित्य अडवायलाच हवं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. मला छळतं ते गुपित. साइट अडवायचा अधिकार देतं ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ आणि त्याखालचे २००९ चे नियम. त्यातला सोळावा नियम सांगतो की तक्रार आणि कारवाई दोन्ही गोपनीय. २०१५ साली श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने ६६अ रद्द केलं. हे तेच कलम, ज्याखाली २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून आपल्या पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. ६९अ मात्र न्यायालयाने कायम ठेवलं, कारण बंदीची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्यांना आव्हान देता येतं. पण जो आदेश हातातच पडत नाही, त्याला आव्हान द्यायचं कसं? व्हिडिओलॅनला हेच भोगावं लागलं. आपली साइट भारतात का बंद हे त्यांनाही कुणी कळवलं नव्हतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरात बंदी उठली. त्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये एकाच आदेशाने बत्तीस साइट्स अडवल्या, त्यांत गिटहब आणि इंटरनेट अर्काइव्हसुद्धा. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या पोरांनी जायचं कुठे?

आता टॅलीच्या आधी एनएसलुकअप आणि वायरशार्क शिकवते. एकाच साइटला दोन डीएनएसकडून विचारायचं, उत्तरं जुळली नाहीत तर वहीत तारखेसह लिहायचं. एका बॅचने अशाच एका साइटबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज केला. त्यांनी फक्त आदेशाची तारीख आणि कारण मागितलं होतं. उत्तर आलं: नियम १६, गोपनीय, माहिती देता येत नाही. पहिलं अपील तीस दिवसांत करावं लागतं. मसुदा त्या नर्सिंगच्या मुलीने लिहिलाय, श्रेया सिंघल निकालातला लेखी कारणांचा मुद्दा पुढे करून. टाइप करून झाला की रजिस्टर्ड पोस्टाने जाईल.