एक्कावन्न सेकंद

सेमिनरीत आम्हांला बोलायला शिकवले. आजाऱ्याच्या उशाशी काय बोलावे, मयताच्या घरी कोणत्या शब्दांनी सांत्वन करावे, याचे धडे आम्ही गिरवले. गप्प बसायला मात्र मी फार उशिरा शिकलो, आणि तेही हॉकीच्या एका सामन्यामुळे, असे सांगितले तर वाचकांना कदाचित हसू येईल.

२०१३ सालच्या मे महिन्यात मी कॅनडातील मिसिसागा येथे थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. दोन वर्षांपूर्वी तिच्या यजमानांचे निधन झाले होते. वसईच्या मातीत हॉकी खेळलेल्या भावोजींनी परदेशी गेल्यावर बर्फावरची हॉकी आपलीशी केली होती. शेजारच्या टोरोंटो शहराचा ‘मेपल लीफ्स’ हा त्यांचा संघ. या संघाने स्टॅन्ली चषक अखेरचा जिंकला तो १९६७ साली, आणि २००४ नंतर तर तो बाद फेरीतही पोहोचला नव्हता. दर हिवाळ्यात बापलेक सोफ्यावर शेजारी बसून त्याचे पराभव पाहत. ‘लीफ्स बाद फेरीत गेले की बघ,’ असे भावोजी मुलाला म्हणत. अखेर लीफ्स बाद फेरीत गेले ते २०१३ मध्ये. तेव्हा भावोजी नव्हते, आणि सोफ्यावरच्या त्यांच्या जागेवर नकळत मी बसलो होतो.

सात सामन्यांच्या मालिकेत बोस्टनचा संघ ३-१ असा पुढे होता. लीफ्सने पुढील दोन सामने जिंकून बरोबरी साधली. निर्णायक सामना सोमवारी, १३ मे रोजी बोस्टनला होता. तो फातिमा मातेच्या सणाचा दिवस. बहिणीला संध्याकाळी घरात रोजरी हवी होती. सतरा वर्षांच्या भाच्याने ‘सामना संपला की लगेच’ असा शब्द देऊन आईला राजी केले.

या खेळात वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात. तिसऱ्या भागाच्या आरंभीच लीफ्सची आघाडी ४-१ अशी झाली. भाचा उठून उभा राहिला आणि भिंतीवरील वडिलांच्या तसबिरीकडे पाहून हसला. मग बोस्टनने एक गोल फेडला. अखेरीस त्यांनी आपला गोलरक्षकही बाहेर काढून त्याच्या जागी आणखी एक आक्रमक खेळाडू उतरवला. सामना संपण्यास ८२ सेकंद उरले असता त्यांचा तिसरा गोल झाला, आणि ५१ सेकंद उरले असता चौथा. बरोबरी झाली! जादा वेळेत जो पहिला गोल करील तो विजयी, असा नियम आहे. सहा मिनिटे पाच सेकंदांनी बोस्टनच्या पॅट्रिस बर्जेरॉनने तो गोल केला. बरोबरीचा गोलही त्याचाच होता.

भाचा रिमोट हातात धरून तसाच बसून राहिला. मला ती शांतता सोसवेना. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “अरे, खेळच तो! पुढच्या वर्षी जिंकतील.”

तो ताडकन उठला. “फादरमामा, पप्पा गेले त्या रात्रीही फोनवर तुम्ही असंच लगेच बोललात. देवाची इच्छा, धीर धर. तुम्हांला थोडा वेळ थांबता येत नाही का?”

तो जिना चढून खोलीत निघून गेला. बहीण काहीच बोलली नाही. तिने वेदीवरची मेणबत्ती पेटवली आणि रोजरी सुरू केली. सोमवार असल्याने रहस्ये आनंदाची होती. तिसऱ्या रहस्याच्या वेळी भाचा खाली आला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून उत्तरे देऊ लागला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुनरुत्थानकाळ चालू होता. एम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांवर मी अनेकदा प्रवचन केले आहे. तेही जिंकता जिंकता सर्वस्व हरल्यासारखे परतत होते. प्रभूला सारे ठाऊक होते. तरी त्याने आधी विचारले, तुम्ही कशाविषयी बोलत आहात? त्यांची आशा आणि तिचा झालेला भंग त्याने त्यांच्याच तोंडून ऐकून घेतला. शास्त्राचा उलगडा केला तो त्यानंतर. मी मात्र आयुष्यभर तो प्रश्न वगळून थेट उलगड्यापासून आरंभ करीत आलो होतो. समोरच्याचे दुःख हलके व्हावे म्हणून मी बोलतो, असे मला वाटे. खरे म्हणजे ते दुःख मलाच पाहवत नसे.

सकाळी न्याहारीच्या वेळी मी त्याला विचारले, “काल शेवटी नेमकं काय झालं? मला नीट कळलं नाही.” त्याने मिठाची बाटली, चमचे आणि कप मांडून ती शेवटची दोन मिनिटे मला समजावली. बोलता बोलता तो वडिलांवर आला. टेबलावरचा चहा केव्हाच निवून गेला होता. मी काही म्हणालो नाही.

मी वसईला परतल्यावर २५ जूनच्या सकाळी त्याचा फोन आला. “मामा, बोस्टन फायनल हरलं! शिकागोकडून. सव्वा मिनिट उरलं होतं, पुढे होते, आणि १७ सेकंदांत दोन गोल खाल्ले. तेही स्वतःच्या घरी.”

“मग बरं वाटलं असेल तुला?”

“वाटेल असं वाटलं होतं. पण तिकडेही कोणीतरी सोफ्यावर बसलं असेल ना.”

प्रवचन माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले आणि म्हणालो, “पहिल्यापासून सांग. मी ऐकतोय.”