मळी काढणारं यंत्र

मेहकर, ता. भालकी

चि. पल्लवीस,


तू दिल्लीला गेलीस त्या आठवड्यात तुझी समुद्री टाकी माझ्या हवाली होती आणि एक मासा गेला. फोनवर तू ‘असू दे मामा’ म्हणालीस. पण करणी माझीच, ती लिहून टाकतो. तू सांगितलं होतंस, दिवसातून एकदा चिमूटभर खाणं. मी तीनदा टाकत होतो. मासे काचेपाशी येऊन तोंड उघडमीट करायचे, मला वाटायचं लेकरं उपाशीच आहेत.

न खाल्लेलं तळाशी कुजलं, अमोनिया झाला, मासा त्यानंच गेला असणार. पुढचा हिशोब मला रानातून ठाऊक आहे. युरिया टाकला की त्याचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट नि मग नायट्रेट करतात, आणि ऊस ते ओढून घेतो. तुझ्या दगडांवरही तसलेच जिवाणू आहेत, पण ओढायला पीक नाही. म्हणून ते साचतं नि काचेवर शेवाळ धरतं. फॉस्फेट तर आणखी हट्टी. आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात ते मातीला चिकटून बसतं, तुझ्याकडे दगडांना.

मला भावलं ते तुझं स्किमर. पल्लवी, ते गुऱ्हाळच आहे गं! कढईत रस तापला की भेंडीचं पाणी पडतं, काळपट फेस वर येतो आणि गुळव्या झाऱ्यानं मळी काढत राहतो. हात जरा थांबला की मळी रसात परत उतरते आणि गूळ काळा पडतो. तुझ्याकडे आग नाही, बारीक बुडबुडे आहेत. प्रथिनं, स्निग्ध घाण बुडबुड्याच्या अंगाला चिकटून वर चढते आणि कपात पडते, कुजून अमोनिया व्हायच्या आत. गोड्या पाण्यात एवढे बारीक बुडबुडे टिकत नाहीत म्हणे, मिठाचीच ती करामत.

आता दुसरी कबुली. त्या कपातलं चहाच्या रंगाचं, नाक धरायला लावणारं पाणी मला उत्तम खत वाटलं. मी ते तुझ्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ! चोपण जमिनीला नावं ठेवण्यात जन्म गेला आणि तुझ्या कुंडीत मीच चोपण केलं.

साचलेलं नायट्रेट कमी करायला टाकीच्या शंभर लिटरांतलं दहा लिटर पाणी बदलायचं तर साधारण ३५० ग्रॅम समुद्री मीठ आरओच्या पाण्यात आदल्या रात्रीच विरघळवत ठेव. उडून गेलेल्या पाण्याची भर मात्र बिनमिठाच्या पाण्यानं, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही.

त्या कुंडीच्या बदली रोप वाढवून ठेवलंय, नाव तेच, कढीपत्ता. गुऱ्हाळ पेटलं की कळवतो. मळी तूच काढ, झारा कसा धरायचा ते दाखवीन.

तुझा,
मामा