पाचवी मागणी

आमच्या घरी देवाशी बोलण्याची वेळ ठरलेली होती. पहाटे साडेपाच. खानापूर तालुक्यातील आमच्या गावात ख्रिस्ती घरे मोजून चार. देऊळ शेजारच्या गावी, पाच किलोमीटरवर. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की तेही तुटायचे. त्यामुळे आज्जीचे देऊळ म्हणजे चुलीजवळचा पाट. तिथे बसून ती आधी एक गीत गुणगुणे, बहुधा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या अभंगांनीच त्यांना येशूकडे नेले, असे ते स्वतः सांगत. आज्जीला हा इतिहास ठाऊक नव्हता. तिला चाल ठाऊक होती. गीतानंतर एक स्तोत्र, मग प्रभूची प्रार्थना, आणि मग चहा.

मोतीबिंदूने तिची नजर अधू झाली तेव्हा वाचन माझ्याकडे आले. मी सातवीत होतो. बायबलातील स्तोत्रे 150. रोज एक वाचले तर पाच महिन्यांत संपावीत. पण 119 वे स्तोत्र एकटेच 176 वचनांचे आहे. हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांप्रमाणे त्याचे आठ आठ वचनांचे 22 भाग पडतात, आणि आज्जीला रोज त्यातला एकच भाग हवा असे. म्हणजे एका फेरीला 171 दिवस. हा हिशेब मी आठवीत असताना पाठीमागच्या कोऱ्या पानावर मांडला होता, कारण प्रार्थनेत माझे लक्ष बहुतेक हिशेबातच असे!

काही स्तोत्रे मला वाचवत नसत. 109 वे तर शत्रूला दिलेल्या शापांनी भरलेले. 88 वे अंधारात सुरू होऊन अंधारातच संपते. शेवटी दिलाशाचा एक शब्द नाही. एकदा मी म्हटले, "आज्जी, हे सोडून पुढचं घेऊ या काय? देवासमोर असलं काय वाचायचं?" ती म्हणाली, "सोडू नको. पोटात एक नि तोंडात एक घेऊन देवाजवळ जायचं काय रे?" मी वाचले. अर्थ मात्र तेव्हा काहीच कळला नाही.

माझ्या बारावीच्या वर्षी आज्जी आजारी पडली. त्याच दिवसांत थोरल्या काकांनी तीस गुंठ्यांचे शेत विकले. अंथरुणावरच्या आज्जीची सही त्यांनी कशी घेतली हे त्यांनाच ठाऊक. पैसे त्यांच्याकडे गेले, आणि तिच्या औषधपाण्यासाठी बाबांनी पतसंस्थेचे कर्ज काढले. पुढे चार महिन्यांनी आज्जी गेली. मातीच्या वेळी काका आमच्या शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिले नाही आणि त्यानंतर बोललोही नाही.

कॉलेजसाठी मी बेळगावला आलो. वसतिगृहातील माझा सोबती बैलहोंगलकडचा, लिंगायत. रोज सकाळी आंघोळ करून, विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन तो पंधरा मिनिटे स्थिर बसतो. परीक्षा असो की ताप, चुकत नाही. माझे मात्र पहिल्या सत्रात फार चुकले. मोबाइलचा गजर वाजे, मी तो बंद करून कूस बदली. एके दिवशी पूजा आटोपून तो म्हणाला, "एनप्पा, आज पण तुझ्या देवाला सुट्टी काय?" मला लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पूजेच्या वेळी मीही खिडकीजवळ बसू लागलो. तो कन्नडमध्ये, मी मराठीत. दोघेही मनातल्या मनात. (त्याने याच अंकाच्या कन्नड विभागात लेख दिला आहे. विषय सांगत नाही.)

प्रार्थना नियमाने केली की देव जवळ येतो, असे मी लहानपणापासून ऐकले होते. जवळ म्हणजे काहीतरी ऊबदार, चुलीसारखे वाटेल, अशी माझी समजूत. तसे काही झाले नाही. झाले ते असे, की प्रभूची प्रार्थना म्हणताना एका जागी जीभ अडखळू लागली. त्या प्रार्थनेत परंपरेने सात मागण्या मोजतात. चौथी भाकरीची आणि पाचवी क्षमेची. आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर, अशी. घाईत म्हणताना ही अट कळत नाही. रोज सावकाश म्हटली की कळते. मत्तयाच्या शुभवर्तमानात ही प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू तिच्यातल्या एकाच मागणीकडे पुन्हा वळतो, ती हीच. जणू त्याला माहीत होते की लोक ही गिळून टाकतील.

मी तेच करत होतो. भाकरीवरून थेट सहाव्यावर उडी.

मग आज्जीचे बोलणे आठवले. क्षमा तर पोटात नव्हती. पण राग होता, आणि तो मी देवापुढे कधी ठेवलाच नव्हता. एका सकाळी 109 वे स्तोत्र उघडले आणि काकांचे नाव घेऊन सगळे सांगितले. शेत, सही, कर्ज, त्या दिवशीचा त्यांचा कोरडा चेहरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे दोन-अडीच महिने चालले असेल. याला प्रार्थना म्हणायचे की तक्रार-अर्ज, हे अजून मला ठरवता येत नाही. पण एवढे खरे, की त्या दिवसांत माझे बोलणे कोणीतरी ऐकते आहे असे मला आयुष्यात प्रथम वाटले. पाठ केलेले शब्द संपले होते आणि तरी मी बसून राहत होतो. हळूहळू सांगण्यासारखे नवे काही उरेना. उलट नको त्या गोष्टी आठवू लागल्या. लहानपणी काकांनी मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला होता, ती. मी त्या आठवू नयेत म्हणून धडपडलोही.

नाताळच्या सुट्टीत गावी गेलो. 26 डिसेंबरला सकाळी करंज्यांचा डबा घेऊन काकांच्या दारी उभा राहिलो. बाबांना सांगितले नव्हते. काकूंनी मुकाट्याने चहा ठेवला. काका खूप वाळले होते. शेताचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. क्षमेचा शब्द कोणाच्याच तोंडून निघाला नाही. शेत तर परत येणार नव्हतेच. बाबांचे हप्ते अजून चालू आहेत. काकांना पाहून माझ्या छातीत राग पुन्हा उठला, हेही लपवत नाही.

चहा संपत आला तेव्हा काकांनी विचारले, "आईचं पुस्तक तुझ्याकडंच हाय न्हवं?"

"हो."

"कुठवर आल्ती ती?"

दोरा कोणत्या पानात आहे हे मला पाठ होते. ती गेल्यावर त्या बायबलातला दोरा मी हलवला नव्हता. माझे वाचन दुसऱ्या प्रतीत चालू होते. "एकशे एकोणिसावं," मी म्हणालो. "सोळा भाग झालेत."

काकांनी कप खाली ठेवला. "मग सहा राहिलेत," ते म्हणाले.

मी घरी जाऊन पुस्तक घेऊन आलो आणि सतरावा भाग वाचला.