पाचटाचा हिशेब

घरापुढे दहा बाय चार फुटांचा एक वाफा असला, तर मेथी-पालक, चार वांगी, मिरच्या बाजारातून आणाव्या लागत नाहीत. अडते ते पाण्यापाशी. भीमेच्या अलीकडे आमचे शिरूर, पलीकडे दौंड. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले. मे महिन्यात उघड्या भांड्यातले पाणी दिवसाला सुमारे ८ मिलिमीटर आटते. एक चौरस मीटरवरचे एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, आणि आपला वाफा भरतो पावणेचार चौरस मीटर. म्हणजे नुकत्याच भिजवलेल्या उघड्या मातीतून दिवसात तीस लिटरच्या आसपास, चांगले दोन हंडे पाणी, उन्हात उडून जाते. ते हंडे कोणाच्या डोक्यावरून येतात, हे आमच्या भगिनींना सांगायला नको.

माती झाकली की हे पाणी टिकते. पण झाकायची कशाने? बाजरीचे सरमाड आम्ही वापरू देत नाही. ते जनावराच्या तोंडचे आहे. भीमाकाठी ऊस तुटून गेला की मात्र पाचट पडून राहते, आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी ते पेटवून देतात! दौंडकडच्या पाहुण्यांनी ते फुकट दिले. पैसे फक्त वाहतुकीचे. आमच्या ओळीतल्या आठ घरांनी वर्गणी काढली, तर ट्रॅक्टरवाला म्हणाला, "चार ट्रॉल्या लागतील."

आमचा जन्म कारकुनीत गेला. कागद घेतला. एका वाफ्याचे ४० चौरस फूट, आठ घरांचे ३२०. थर हवा तीन इंच, म्हणजे पाव फूट. ३२० चा पाव ८० घनफूट. पण सुके पाचट फुगलेले असते, पाणी पडले की दबून निम्मे होते. म्हणून दुप्पट धरावे, १६० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास. म्हणजे दीड ब्रासला थोडे वर.

ब्रास म्हटल्यावर आई उठून आली. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली आहे. तेव्हा ढिगाचे माप घेऊन मजुरी मिळे आणि माप घेणाऱ्याचा हात किंचित वर-खाली झाला तरी संध्याकाळची भाकर कमी होई. ती म्हणाली, "माप घेतल्याबिगर पैसं देऊ नको बाबा." टेप लावली. ट्रॉलीचा हौदा आठ फूट लांब, पाच रुंद, अडीच उंच. बरोबर एक ब्रास. दोन खेपांत भागले, दोन खेपांचे पैसे आठही घरांना परत गेले.

ज्यांचा वाफा एकटा आहे त्यांना ब्रास नको. गवंड्याकडची सव्वा घनफुटाची पेटी घ्यावी, ती एका सिमेंटच्या पोत्याच्या मापाची असते. दहा बाय चारच्या वाफ्याला सुक्या पाचटाच्या सोळा पेट्या लागतात. पालापाचोळा ओला, दबलेला असेल तर आठ-नऊ पुरतात.

पाचट पसरण्याआधी माती पुरती भिजवावी. कोरड्या मातीवर थर टाकला तर वळवाची हलकी सर वरच्या वर पाचटातच मुरते. रोपाच्या बुडाशी चार बोटे जागा मोकळी ठेवावी, नाहीतर खोड कुजते. घराच्या भिंतीला तर पाचट टेकू देऊच नये. वाळवीला निमंत्रण कशाला? मेथी-पालकाचे बी उगवून वीतभर होईपर्यंत ओळींच्या मधेच पातळ थर द्यावा. आणि पाचट मातीत कालवू नये. कुजताना ते मातीतले नत्र ओढून घेते, पाने पिवळी पडतात.

आता आमच्या ओळीत रोजच्याऐवजी तिसऱ्या दिवशी पाणी घालतात. दोन ट्रॉल्यांतले ४० घनफूट पाचट उरले होते, ते आईने पोत्यांत भरून पडवीत लावले आहे. मेअखेरीस थर दबला की वरून टाकायला.