हेरॉन बेटावरील मुशी

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत प्रवाळांची जी अफाट रांग पसरली आहे, तिच्या दक्षिण टोकाकडे हेरॉन नावाचे चिमुकले बेट आहे. ग्लॅडस्टोन बंदरातून तेथे बोटीने जाण्यास सुमारे दोन तास लागतात. ओहोटीच्या वेळी भोवतालचे प्रवाळांचे पठार इतके उघडे पडते की, घोटाभर पाण्यातून काठी टेकीत आम्ही बरेच दूरवर हिंडलो.

तेथेच आम्हांस 'एपॉलेट शार्क' दिसली. शार्क म्हणजे आपल्या कोकणातील मुशी. ही जात फार तर दोन हात लांब. अंगावर, जणू खांद्यापाशी, पांढऱ्या कड्याचा मोठा काळा ठिपका. लष्करी गणवेशाच्या स्कंधभूषणावरूनच तिचे नाव पडले. पाणी ओसरले म्हणजे ती परांवर चालत एका डबक्यातून दुसऱ्यात जाते. प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यातही तासभर तग धरते. अशा चिवट प्राण्यास भय कशाचे, असे कोणासही वाटेल.

परंतु अंड्यातील पिलास तेथून पाय काढता येत नाही. मादी अंडी घालून निघून जाते. तपकिरी कोशातील बलक हीच त्याची शिदोरी, आणि ती किती दिवस पुरावी हे पाण्याच्या उष्णतेवर ठरते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बोस्टनच्या मत्स्यालयात ही अंडी निरनिराळ्या उष्णतेच्या पाण्यात ठेविली होती. २७ अंशांत, म्हणजे तेथील उन्हाळ्याच्या सरासरी पाण्यात, पिले सुमारे १२५ दिवसांनी बाहेर आली. शतकाअखेरचा अंदाज धरून तापविलेल्या ३१ अंशांत सुमारे १०० दिवसांतच. बलक आधीच सरलेला, पिले लहान व थकलेली. जन्मताच भक्ष्य शोधणे प्राप्त, पण अंगी तेवढे बळ नाही!

कार्बन डायॉक्साइड विरघळून समुद्र आम्लतेकडेही झुकत आहे. २०१६ सालच्या एका प्रयोगात नुसत्या आम्लतेने या मुशीच्या पिलांची वाढ खुंटली नाही. मात्र २०१४ साली पोर्तुगालमधील संशोधकांनी 'बांबू शार्क' या तिच्या आप्त जातीस उष्णता व आम्लता एकत्र दिली, तेव्हा महिन्याभरात बरीच पिले दगावली.

गर्भाचे दिवस पुरे भरावेत म्हणून आपल्या घरांतून केवढी काळजी वाहिली जाते! त्या बेटावर ती वाहणारे पाण्यावाचून दुसरे कोणी नाही. आणि ते पाणी तापते आहे ते आमच्या गिरण्यांच्या, मोटारींच्या व विजेच्या भट्ट्यांच्या वायूने.