मी एमीच्या बाजूने होतो

जर्मन दिग्दर्शक फासबिंडरचा १९७४ सालचा ‘आली : फिअर ईट्स द सोल’ आमच्या फिल्म सोसायटीत लावला, तेव्हा त्याबद्दल माझं मत ठरलेलं होतं. म्युनिकमध्ये साफसफाईची कामं करणारी साठीची विधवा एमी आली या मोरोक्कोच्या, तिच्याहून बऱ्याच तरुण मेकॅनिकशी लग्न करते. तिची मुलं, शेजारणी, किराणावाला सगळे वाईट, एमी तेवढी भली. प्रास्ताविकात हेच ठासून सांगितलं.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. चर्चेसाठी मी आमच्या इमारतीत फर्निचरचं काम करणाऱ्या ओडिया सुताराला बोलावलं. मराठी त्याला येत नव्हती, हिंदी कामापुरती. बिचारा खुर्चीत अंग चोरून बसला. लोक त्याला विचारत होते आणि उत्तरं मी देत होतो. गावची आठवण येते, एका खोलीत दाटीवाटीने राहतात, वगैरे. यातलं निम्मं मी त्याला कधी विचारलंही नव्हतं. शेवटी त्याच्या हाताचे घट्टे दाखवले आणि टाळ्या मिळवल्या. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याकडचा चहा नाकारला.

मग चित्रपट पुन्हा पाहिला. उत्तरार्धात जगाचा विरोध मावळतो, कारण दुकानदाराला गिऱ्हाईक हवं असतं, मुलाला पोरं सांभाळायला आई. नेमकी तेव्हाच एमी बिघडते. कामावरच्या बायकांना घरी बोलावून आलीचे दंड चाचपायला लावते. तो उठून गेला की दोष त्याच्या परकेपणाचा! त्याने कुसकुस हा त्याच्याकडचा पदार्थ करून मागितला तर म्हणते, जर्मनीत राहतोस, इथलं खायची सवय कर. कामावर नवी आलेली परदेशी बाई एकटी पाडली जाते, त्यातही एमी सामील. हे सगळं मी आधीही पाहिलं होतं. ‘थकलीये बिचारी’ म्हणून सोडून दिलं होतं.

आलीची जर्मन मोडकी. ‘आली’ हे त्याचं खरं नावही नाही, जर्मनांनी सोयीसाठी ठेवलेलं. अखेर तो अल्सरने कोसळतो. डॉक्टर एमीला सांगतात, परदेशी कामगारांमध्ये हे नेहमीचंच, सहा महिन्यांनी पुन्हा येईल.

सुताराची माफी मी मागितली, तीही माझ्या सफाईदार हिंदीत. त्याला किती कळली, देव जाणे.

हा चित्रपट कुठे दाखवणार असाल तर उत्तरार्धावर बोला. आणि पाहुणा बोलावणारच असाल, तर आधी त्याला यायचंय का ते विचारा आणि त्याची भाषा जाणणारा माणूस शोधा. तो मिळाला नाही, तर खुर्ची मांडू नका.